ते मुद्दाम करत नाहीत : मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही मेंदूविषयी प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं बहुतेक पेशंटच्या घरच्यांची आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच पत्रांत एक वाक्य कुठं ना कुठं आहेच : ‘आम्हाला वाटतं ते मुद्दाम करतात.’ सांगलीत मेंदूविकारांची ओपीडी चालवताना हे वाक्य मी सतत ऐकते आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. कारण ते ऐकणारा पेशंट समोरच बसलेला असतो. म्हणून मेंदूचे भाग आणि त्यांची कामं या वेळी पुस्तकाच्या क्रमानं न सांगता तुमच्या पत्रांच्या क्रमानं सांगते. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं वगळली आहेत.

मॅडम, माझे सासरे 68 वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी डाव्या अंगावरनं वारं गेलं. आता काठी घेऊन चालतात, बोलणं स्वच्छ आहे, द्राक्षबागेचा हिशेब तोंडपाठ आहे. पण ताटातलं अर्धं तसंच ठेवतात आणि ‘वाढलंच नाही’ म्हणून चिडतात. दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात. दाढी एकाच गालाची करतात. डोळे दाखवले, नजर चांगली आहे म्हणाले. घरात सगळे म्हणतात, हट्टीपणा वाढलाय. — एक सून, तासगाव

ताई, हा हट्ट नाही. तुमच्या सासऱ्यांच्या दृष्टीनं डावी बाजू सध्या अस्तित्वातच नाही.

मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल असतात, उजवा आणि डावा. मेंदूतून हालचालीच्या आज्ञा घेऊन निघालेले बहुतेक चेतातंतू मानेच्या थोडं वर, मस्तिष्कपुच्छात म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या टोकात, बाजू बदलतात. म्हणून उजव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की डावा हात-पाय लुळा पडतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण उजव्या मेंदूचा वरचा-मागचा भाग, ज्याला आम्ही पराएटल लोब म्हणतो, तो आणखी एक काम करतो : आपल्या भोवतीच्या जागेची दखल घेणं. डोळा ताटाचं पूर्ण चित्र मेंदूकडं पाठवतो, ते पोचतंही, पण डाव्या अर्ध्याकडं लक्ष वळतच नाही. डावा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो, उजवा मात्र दोन्ही बाजूंवर, असं मानलं जातं. म्हणून डाव्या मेंदूच्या झटक्यात उजवी बाजू सहसा इतकी पुसली जात नाही, पण उजव्या मेंदूच्या झटक्यात डावी बाजू पुसली जाते.

आपल्याकडं ताट वाढायची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं. भाजी, आमटी उजवीकडं. असे पेशंट भाजी संपवतात, भाकरी उजव्या बाजूनं खातात आणि चटणीला बोट लावत नाहीत. एका आजोबांच्या घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की आजारपणानंतर यांना तिखट नकोसं झालंय. मी वॉर्डातच त्यांच्या मुलीला ताट धरून अर्धं फिरवायला सांगितलं. चटणी उजवीकडं आली, तशी त्यांनी ती बोटानं पुसून खाल्ली आणि मुलीला विचारलं, ‘आज आणलीस होय?’ ती मुलगी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आठवडाभर ती त्यांच्याशी यावरून भांडत होती.

ही गोष्ट डोळ्यांची नाही याचा फार सुंदर पुरावा इटलीत मिळाला. 1978 साली बिसियाक आणि लुझ्झाट्टी या संशोधकांनी मिलान शहरातल्या अशा पेशंटना त्यांच्या ओळखीचा चौक मनात आणायला सांगितलं. कॅथेड्रलकडं तोंड करून उभे आहात असं समजा, काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर, त्याला पाठ करून उभे राहा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या, आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या! म्हणजे आठवणीतसुद्धा डावी बाजू पुसली गेली होती. तुम्हीही सासऱ्यांना विचारून पाहा : तासगावच्या गणपतीच्या गोपुराकडं तोंड करून रस्त्यात उभे आहात, दोन्ही बाजूंना काय काय आहे? मग गोपुराला पाठ करून तेच विचारा. त्यांची परीक्षा घ्यायला नव्हे, घरातल्या बाकीच्यांना पटावं म्हणून.

आता करायचं काय? जेवताना ताट मध्येच फिरवा. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि ‘आधी लाल पट्टी शोधा, मग वाचा’ अशी सवय लावा. औषधं, चष्मा, पाण्याचा तांब्या सुरुवातीला उजवीकडंच ठेवा, नाहीतर उपाशी-तहानलेले राहतील. पण गप्पा मारायला त्यांच्या डाव्या बाजूला बसा, डावा हात हातात घ्या, नातवंडांना त्या बाजूनं हाका मारायला सांगा. डावा हात पलंगाच्या कठड्यात किंवा व्हीलचेअरच्या चाकात अडकतोय का, हे तुम्हीच बघायला हवं, त्यांना कळणार नाही. आणि ट्रॅक्टर, मोटरसायकल पूर्ण बंद. हिशेब चोख सांगतात म्हणून गाडी चालवतील असं समजू नका. बहुतेकांची ही तक्रार पहिल्या काही महिन्यांत बरीच कमी होते. काहींची थोडी उरते.

मी दहावीत आहे. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावं पाठ केली आहेत, पण डोळ्यासमोर काहीच येत नाही. आणि माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो हे खरं आहे का? — एक विद्यार्थिनी, सातारा

तुझा हात आणि तुझं डोकं, एवढंच पुरे. कपाळावर तळवा ठेव. त्याच्या मागं फ्रंटल लोब आहे : ठरवणं, सुरुवात करणं, स्वतःला आवरणं. कानाच्या वर बोटं ठेव. तिथं टेंपोरल लोब, ऐकलेल्याचा अर्थ लावणारा. त्याच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस, नव्या आठवणी साठवायला घेणारा. टाळूच्या मागच्या भागात पराएटल लोब, त्याची गोष्ट वर तासगावच्या पत्रात वाच. डोक्याच्या मागच्या फुगवट्याच्या आत ऑक्सिपिटल लोब, पाहण्याचं काम तिथं चालतं. डोळे पुढं आणि पाहण्याची जागा सगळ्यात मागं. म्हणून पाठीमागं पडून डोक्याला मार लागला तर डोळे धड असूनही दृष्टी जाऊ शकते. हे सगळं मिळून प्रमस्तिष्क, मोठा मेंदू.

आता बोट फुगवट्यावरून खाली मानेच्या खळगीकडं आण. आत अनुमस्तिष्क, लहान मेंदू. वजनानं मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी बहुसंख्य या लहान भागात दाटीवाटीनं बसलेल्या आहेत. तोल आणि हालचालीचा नेमकेपणा हे त्याचं काम. दारू प्यायलेल्या माणसाचे झोकांडे जातात ते मुख्यतः इथल्या बिघाडामुळं. आणि कवटी जिथं मानेला मिळते तिथं मस्तिष्कपुच्छ : श्वास, हृदयाची गती, गिळणं, खोकणं. हा भाग सगळ्यात छोटा, आणि याला झालेली इजा सगळ्यात घातक.

मिरजेला शिकत असताना शरीररचनेच्या तासाला मी पहिल्यांदा मेंदू हातात घेतला, तेव्हा तो फॉर्मलिननं घट्ट झालेला होता. जिवंत मेंदू पुढं ऑपरेशनच्या वेळी पाहिला. तो खरवसासारखा मऊ असतो आणि प्रत्येक ठोक्यासरशी किंचित हलतो. वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. इथंच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. रिकामा पडून राहणारा अवयव एवढा खर्च करत नाही. मेंदूच्या खोल भागात 15 मिलिमीटरपेक्षाही लहान जागेचा रक्तपुरवठा थांबला तर अर्धं अंग लुळं पडू शकतं. 90 टक्के मेंदू वापरात नसता, तर बहुतेक झटके कुणाच्या लक्षातही आले नसते. 10 टक्क्यांची गोष्ट खोटी आहे. वर्गात कुणी सांगितली तर हे उत्तर दे.

आमचे मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तीस वर्षं तामिळनाडूत होते. तमिळ आणि मराठी दोन्ही फाडफाड बोलायचे. मागच्या दिवाळीनंतर उजव्या अंगाचा लकवा झाला आणि बोलणं गेलं. फक्त ‘बघ, बघ’ म्हणतात. पण रागावले की शिवी स्पष्ट येते, आणि भजनात सूर लावतात तेव्हा शब्द येतात! लोक म्हणतात बुद्धी गेली. दीर म्हणतात, बोलायचं नाही म्हणून बोलत नाहीत. — एक वाचक, विटा

वहिनी, दोन्ही म्हणणी चूक. बुद्धी गेलेली नाही आणि मुद्दामही नाही.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडं एक पेशंट आला. तो अनेक वर्षं फक्त ‘टॅन’ एवढाच शब्द बोलत असे, प्रश्न कुठलाही असो. त्याला बोललेलं बरंचसं समजायचं, खुणांनी उत्तर द्यायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला तेव्हा डाव्या फ्रंटल लोबचा खालचा-मागचा भाग खराब झालेला आढळला. त्या जागेला आजही ब्रोकांचं नाव आहे. तुमच्या मालकांचं ‘बघ, बघ’ हे त्या ‘टॅन’च्याच जातीचं आहे. मनात वाक्य आहे, पण ते शब्दांत बांधून जिभेपर्यंत आणणारी जागा दुखावली आहे. उजव्या हाताच्या जवळजवळ सगळ्या माणसांत भाषा डाव्या मेंदूत असते, आणि उजव्या अंगाचं नियंत्रणही डाव्या मेंदूकडंच, म्हणून उजवं अंग आणि बोलणं पुष्कळदा एकदमच जातं. याच्या उलटाही एक प्रकार आहे, 1874 साली कार्ल वेर्निके यांनी वर्णन केलेला. डाव्या टेंपोरल लोबच्या मागच्या भागाला इजा झाली की माणूस भराभर बोलतो, पण त्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणं त्याला उमगत नाही. अशा माणसाला वेड लागलं असं समजून लोक भलतीकडं घेऊन जातात.

शिवी आणि भजन का येतं? कारण ते नव्यानं रचावं लागत नाही. रागाचे उद्गार, एक-दोन-तीन मोजणं, पाठ असलेला अभंग हे आयतं, मुरलेलं बोलणं. त्यात आणि सुरात उजव्या मेंदूचाही हात असतो. तज्ज्ञ हाच धागा पकडून बोलणं परत आणायचा प्रयत्न करतात. भजन थांबवू नका. रोज म्हणा, त्यांच्याबरोबर म्हणा, आणि त्याच चालीवर ‘पाणी हवं’, ‘चहा दे’ अशी छोटी वाक्यं बसवून पाहा. वाचाउपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा.

तमिळचं म्हणाल तर झटका साधारणपणे दोन्ही भाषांना बसतो, पण दोन्ही सारख्याच वेगानं परत येतील असं नाही. कधी नंतर शिकलेली भाषा आधी येते. त्यांचे तिकडचे जुने सोबती असतील तर फोन लावून द्या आणि तिकडून तमिळ बोलू द्या. घरात प्रश्न असे विचारा की हो-नाहीवर भागेल. विचारल्यावर थांबा. खरंच थांबा, मनात दहा मोजा. त्यांचं वाक्य घाईनं पुरं करू नका. आणि मोठ्यानं बोलू नका, कान शाबूत आहेत. सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ‘यांना आता काय कळतंय’ असं कुणालाही बोलू देऊ नका. त्यांना कळतंय.

मुलगा 8 वर्षांचा आहे. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला घातलं तर डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतो असं दाखवलं. फी भरपूर आहे. घालावं का? — एक वडील, कराड

नाही. मिडब्रेन म्हणजे मध्यमस्तिष्क, मेंदूच्या देठाचा वरचा, जेमतेम 2 सेंटीमीटरचा तुकडा. डोळ्यांची हालचाल, बुबुळाचं आकुंचन, जागं राहणं यांत त्याचा मोठा वाटा. तिथल्या एका काळपट पट्ट्यातल्या पेशी डोपामाइन तयार करतात. त्या झिजल्या की कंपवात होतो. हा भाग तुमच्या मुलात जन्मापासून काम करतोय. तो बंद असता तर मूल जागं राहून शाळेत गेलंच नसतं. वाचायला मात्र उजेड डोळ्याच्या पडद्यावर पडावाच लागतो, आणि पट्टी बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मुलं मान किंचित वर करून त्या फटीतून वाचतात. शंका असेल तर पट्टी तशीच राहू द्या आणि पुस्तक मुलाच्या डोक्याच्या मागं धरा.

पैसे गेले तर परत मिळवता येतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आठ वर्षांचं पोर आई-बापाला खूश करण्यासाठी, दिसत असताना दिसत नाही असं सांगायला शिकतं, आणि टाळ्या पडतात. त्याच्या मनावर हे ओझं का घालायचं? साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेलाच वैद्यकी शिकले. दावा तपासून बघा, एवढंच ते आयुष्यभर सांगत राहिले. त्या फीमध्ये मुलाला पोहायला घाला, तबला शिकवा. लहान मेंदूला काम मिळेल.

मुलगा 26 वर्षांचा. वर्षापूर्वी हायवेवर गाडीवरनं पडला, हेल्मेट नव्हतं, कपाळाला मार. हात-पाय ठीक, सगळं आठवतं. पण आंघोळीलाही उठत नाही, कुणाच्या मयतीला नेलं तर हसतो, आल्यागेल्याला वाट्टेल ते बोलतो. देवऋषी झाले. — एक आई, उंब्रज

आई, फ्रंटल लोबची दोन कामं मी वर सांगितली : सुरुवात करणं आणि स्वतःला आवरणं. तुमच्या मुलाची दोन्ही गेली आहेत. त्याला आंघोळ म्हणजे काय ते माहीत आहे, पण ‘चला, उठू’ हा आतला धक्का मिळत नाही. आणि तोंडात आलेलं रोखणारा ब्रेकही नाही. त्याला लाज कोळून प्यायलेला म्हणू नका.

देवऋषी बंद करा. मेंदूच्या आणि मनाच्या डॉक्टरांना एकत्र दाखवा, कारण औषधांनी चिडचिड कमी होऊ शकते. ‘आवरून ये’ असं सांगून भागणार नाही. ‘ऊठ’, मग ‘टॉवेल घे’, मग ‘न्हाणीत जा’, अशी एका वेळी एकच गोष्ट. दिवसाचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. बँकेचे व्यवहार आणि गाडीची किल्ली तूर्त तुमच्याकडं. सुधारणा वर्ष-दोन वर्षं, त्याच्या पुढंही होत राहते. आणि तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोलत जा. अशा घरातली आई सगळ्यात आधी थकते.

जतहून सांगली-मिरजेला यायला दोन तास जातात. वारं गेलं तर नेमकं काय करावं? आमच्याकडं आधी गावठी औषधाला नेतात. — एक शिक्षक, जत

सर, हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वरच्या पत्रांतलं पुष्कळ नुकसान याच दोन तासांत ठरतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. मोठी गुठळी तारेनं काढण्याचा उपचार काही निवडक पेशंटना त्यानंतरही देता येतो, पण त्या भरवशावर घरी थांबू नये. गावठी औषधाला नेण्यात जातो तो नेमका हाच वेळ.

तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर धरला की खाली येतोय, बोलणं बोबडं झालं किंवा बंद पडलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं एक लक्षणसुद्धा पुरे. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. पाणी, चहा, गूळ, काहीही तोंडात घालू नका. गिळण्याची जागा बधिर झाली असेल तर ते फुप्फुसात जातं. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. रक्त पातळ करणारी गोळीही देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅन झाल्याशिवाय देवालाही सांगता येत नाही. मधुमेही असेल आणि घरात मशीन असेल तर साखर तपासा, साखर फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं.

आणि वेळ लिहून घ्या. घरच्यांनी लक्षण कधी पाहिलं, ही वेळ नव्हे. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ. सकाळी सहाला उठवताना कळलं आणि रात्री दहाला बोलून झोपले होते, तर दहा वाजता असं लिहा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. निघताना ज्या हॉस्पिटलला जाणार तिथं फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का, आणि गुठळीचं इंजेक्शन मिळेल का. दोन्हींपैकी एकालाही नाही म्हणाले, तर पुढच्या हॉस्पिटलचा नंबर लावा. गाडी मात्र तोवर जतच्या बाहेर पडलेली असू द्या.